मोठं घर कशावर उभं होतं?

ताई, मावशी, आजी आणि गटांतल्या सगळ्या मैत्रिणींनो, आज आपण इतिहासावर बोलणार आहोत. विषय आहे गावातल्या मोठ्या घराचा. कुठे देशमुखांचा वाडा असायचा, कुठे खोतांचं घर, कुठे सावकाराचा बंगला. त्या घरासमोरून जाताना माणसं चपला हातात घ्यायची आणि आवाज खाली करायची. ते घर मोठं कशामुळे झालं? दगड, चुना आणि सागवानाच्या खाली नेमकं काय होतं? आम्ही गटांच्या बैठकांना ठाणे, कल्याण, मुरबाड, शहापूर अशा भागांत फिरतो, तेव्हा हा प्रश्न आम्हाला जुना वाटत नाही. म्हणून तो आज तुमच्यासमोर मांडतोय.

आपल्या घरात पूर्वी मडक्यांची उतरंड असायची. एकावर एक मडकी. वरचं मडकं लहान आणि हलकं, खालच्या मडक्यावर सगळ्यांचा भार. समाजाचीही अशीच उतरंड होती. फरक एवढाच, की मडक्यांत वरच्याला कुणी मोठं म्हणत नाही.

आपलं कल्याण दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. पुढे इथे शिलाहार राजे झाले. त्यांच्या काळातलं अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं आहे. नंतर सुलतान आले, वसई-ठाण्याला पोर्तुगीज आले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं. एवढी राज्यं बदलली. पण जी बाई पावसात गुडघाभर चिखलात उभी राहून भात लावत होती, तिची पायरी बदलली का?

गावाची जुनी रचना अशी होती. परगण्याला देशमुख-देशपांडे आणि गावाला पाटील-कुलकर्णी. यांना वतन असायचं. वतन म्हणजे पिढीजात हक्क. गावचा सारा गोळा करायचा, त्यातला वाटा ठेवायचा, इनाम जमीन दुसऱ्याकडून कसून घ्यायची. त्यांच्या खाली मिरासदार, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेला शेतकरी. त्याखाली उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. मग सुतार, लोहार, कुंभार, न्हावी असे बलुतेदार. आणि तळाशी महारांसारखे समाज. त्यांच्याकडे सांगावा पोचवणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, मेलेलं जनावर ओढणं अशी कामं ‘वतन’ म्हणून लादलेली होती. शब्द तोच, वतन. पण वरच्याला ते जहागिरीसारखं आणि खालच्याला बेडीसारखं. ही बेडी तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

या उतरंडीत मान फार मोठी गोष्ट होती. होळीची पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पुढे बैल कुणाचे, यावरून भांडणं व्हायची. आज हे वाचून हसू येतं, पण मानाच्या मागे जमीन होती. ज्याचा मान पहिला, त्याचा वाटा पहिला. शिवाजी महाराजांनी वतनदारांच्या मनमानीला लगाम घातला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही वतनदार म्हणजे जणू छोटे राजेच, त्यांना फार सैल सोडू नये, अशा अर्थाचा इशारा आहे. म्हणजे राजालाही या मोठ्या घरांची काळजी वाटत होती.

असं फक्त आपल्याकडेच नव्हतं. युरोपात शेकडो वर्षं सरदार आणि भूदास अशी व्यवस्था होती. भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला माणूस. आठवड्यातले ठरावीक दिवस त्याने सरदाराच्या शेतावर फुकट राबायचं. इंग्लंडमध्ये भूदासाच्या मुलीचं लग्न ठरलं, तर त्यासाठीही सरदाराला पैसे द्यावे लागत. मुलीचं लग्न आणि मालकाचा हक्क, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती आपल्याच जिल्ह्यात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कल्याण म्हटलं की सुभेदाराच्या सुनेची गोष्ट सगळ्यांना आठवते. शिवाजी महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. गोष्ट आपल्याला आवडते, कारण तीत बाईचा मान राखला जातो. पण त्या गोष्टीतल्या सुनेलाही स्वतःचं नाव नाही. सुभेदाराची सून, एवढंच. मग त्याच काळात कल्याणच्या वाड्यांत दळण-कांडण करणाऱ्या बायकांची नावं कोण लिहून ठेवणार?

आता इंग्रजांच्या काळाकडे येऊ. इंग्रजांनी जमीन मोजली, कागद केले आणि सारा रोख पैशात मागायला सुरुवात केली. डोंगरातल्या वारली, कातकरी, ठाकर माणसाकडे भात होतं, नाचणी होती, रोख पैसा नव्हता. रोख पैसा सावकाराकडे होता. कागद वाचता येत नव्हता. तोही सावकारालाच वाचता येत होता. एक वाईट पावसाळा, एक आजारपण, आणि जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावे झाली. ज्याने जंगल साफ करून शेत केलं, तोच त्या शेतावर कूळ झाला. अर्धं पीक मालकाला द्यायचं. शिवाय वेठ.

वेठ म्हणजे काय, हे तरुण मुलींना सांगायला हवं. आज आपण ‘वेठीला धरलं’ असं सहज म्हणतो. हा शब्द तिथूनच आला. मालकाच्या शेतात, मालकाच्या घरी, मालक सांगेल तेव्हा मजुरीशिवाय काम. लावणी ऐन भरात आली की आधी मालकाचं शेत लावायचं, मग आपलं. तोवर पाऊस सरकायचा, आपलं रोप करपायचं. बायकांना शेतावरच्या कामासोबत मालकाच्या घरचं दळण-कांडणही होतं. आणि जिला कामाला नाही म्हणता येत नाही, तिला बाकीच्या कशालाच नाही म्हणता येत नाही. तिच्या अब्रूवर मालकाची नजर असायची आणि दाद मागायला जागा नसायची. एवढं सांगितलं तरी तुम्हाला पुढचं कळेल.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की मालकाकडून खावटी आणायची. तिचा हिशोब वाढीदिढीचा असे. आपण बोटांवर मोजून बघू. आज एक मण भात घेतलं, तर सुगीला दीड मण द्यायचं. देता आलं नाही, तर पुढच्या वर्षी सव्वादोन मण. तिसऱ्या वर्षी सव्वातीन मणांच्याही वर. खाल्लं एकच मण, पण तीन वर्षांत देणं तिपटीच्या पुढे गेलं. आणि चोपडी मालकाच्या हातात.

याहून जड होतं लग्नाचं कर्ज. मुलगा लग्नाचा झाला की त्याला खर्चासाठी मालकाकडून पैसे घ्यावे लागत. ते फिटेपर्यंत त्याने मालकाकडे गडी म्हणून राबायचं. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. आणि ज्या मुलीशी त्याचं लग्न झालं, तीही त्या कर्जात बांधली जाई. तिने एक पैसा घेतलेला नसे. कुणी तिला विचारलेलंही नसे. हळद निघायच्या आधी ती मालकाच्या अंगणात झाडू मारत असे. हे कर्ज बहुतेकांच्या आयुष्यात फिटत नसे. १९३८ च्या सुमारास सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर सरकारी अहवाल लिहिला. त्यातही या गुलामीची नोंद आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं. कागद झाला, पण बेडी तशीच राहिली.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. टिटवाळा! अंगारकीला आपण गणपतीच्या दर्शनाला जातो, रांगेत उभ्या राहतो. त्याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली होती. उंबरगाव भागातून काही वारली माणसंही तिथे आली होती. त्यांतले माह्या धांगडा व्यासपीठावरून बोलले. वेठ आणि लग्नगडी म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं.

परिषदेच्या कामात गोदावरी परुळेकर आणि त्यांचे पती शामराव परुळेकर होते. गोदूताई मूळच्या पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या. जन्म १९०७ चा. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतात. उतरंडीत वरच्या पायरीवर जन्मलेली ही बाई डोंगर-पाड्यांवर पायी फिरू लागली. वारल्यांच्या झोपडीत राहिली, त्यांच्यासोबत जेवली. पुढे त्यांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांच्या गटात वाचनाची सवय आहे, त्यांनी ते जरूर मिळवून वाचावं.

टिटवाळ्यानंतर २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची स्वतःची परिषद झाली. झरी आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा हा सगळा एकच ठाणे जिल्हा होता. सुमारे ५,००० माणसं जमली. ठराव अगदी साधे होते. वेठ करायची नाही. मालकाच्या शेतावर काम करायचं, तर दिवसाला बारा आणे रोख मजुरी घ्यायची. कुणावर हल्ला झाला, तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. आज हे ऐकायला किती लहान वाटतं! पण ज्याला आजवर मजुरी हा शब्दच माहीत नव्हता, त्याच्यासाठी तो केवढा आकडा होता, विचार करा.

नंतरच्या आठवड्यांत वारल्यांचे जथे लाल झेंडे घेऊन गावोगाव, मालकांच्या घरांपर्यंत गेले आणि ‘आजपासून लग्नगडी सुटले’ असं सांगून आले. या मोर्चांत बायकाही होत्या. पिढ्यान्‌पिढ्या न फिटलेलं कर्ज असं संपलं. इतकी वर्षं ते चोपडीवर चाललं होतं, त्याहून जास्त भीतीवर चाललं होतं.

मालक गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीचा प्रश्न आला. त्या काळी ठाणे जिल्ह्यातलं गवत रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना जाई. मालक आणि व्यापारी त्यावर भरपूर कमवत. वारल्यांनी ५०० रत्तल, म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो गवताला अडीच रुपये मागितले आणि काम थांबवलं. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे खोट्या निरोपावर माणसं जमवण्यात आली आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. पुढे परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यात यायला बंदी झाली. तरीही माणसं पांगली नाहीत. वेठ आणि लग्नगडीची पद्धत त्या भागातून मोडली, ती याच दोन वर्षांत.

असाच लढा खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात आधी झाला होता. चरी आणि आसपासच्या गावांतल्या आगरी-कुणबी कुळांनी १९३३ पासून जमीन कसायचंच थांबवलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून घरं चालवली, पण खोताचं शेत नांगरलं नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं मुंबईत मोर्चाने गेली. सहा वर्षांच्या त्या संपात चूल कशी चालली असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको. चूल पेटती ठेवणारी बाई संपातच होती.

स्वातंत्र्यानंतर कायदे आले. १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा. आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवसापासून जमीन कसणारं कूळ हे जमिनीचं मालक मानलं गेलं. पण ठरलेली किंमत हप्त्याने भरल्यावर. आपल्याकडे घरोघरी जुन्या पेटीत ‘३२ ग’चा हुकूम आणि ‘३२ म’चं प्रमाणपत्र असतं, ते हेच. ३२ ग म्हणजे किंमत ठरली, ३२ म म्हणजे किंमत भरून खरेदी पूर्ण झाली. तो कागद जपून ठेवा. रशियातही १८६१ साली भूदास मुक्त झाले, पण जमिनीची किंमत हप्त्याने फेडण्याचं ओझं त्यांच्यावर पन्नासएक वर्षांच्या जवळपास राहिलं. हक्क मिळाला तरी तो कागदावर पुरा होईपर्यंत आपल्याला मागे लागावं लागतं, जगात सगळीकडेच.

आता आम्हाला जे खरं सांगायचं आहे ते इथे येतं. मोठं घर तीन खांबांवर उभं होतं. जमीन कुणाच्या नावावर, काम कुणाचं फुकट, आणि कर्जाची चोपडी कुणाच्या हातात. वारल्यांनी, कुळांनी, दलितांनी हे खांब हलवले. कायद्याने जमीन वाड्यातून झोपडीत आली. पण झोपडीत आल्यावर ती कुणाच्या नावावर झाली? कुळाच्या. आणि कूळ म्हणजे घरातला पुरुष. लावणी बाईची, बेणणी बाईची, कापणीतही बाई, पण सातबाऱ्यावर बाई नाही. मोठ्या घराची उतरंड उतरली आणि तशीच छोटी उतरंड आपापल्या घरात राहिली.

आमच्या बैठकांत हा विषय निघाला की बायका एकमेकींकडे बघतात. आपल्या भागात समृद्धी महामार्ग झाला, इमारती आल्या, जमिनींना भाव आला. मोबदला आला की माहेरून निरोप येतो, ‘ताई, जरा तहसीलला येऊन सही करून जा.’ त्या कागदाला हक्कसोड पत्र म्हणतात. भावाशी गोडी राहावी म्हणून बहीण सही करते. कुणी करावी, कुणी करू नये, हे आम्ही ठरवणार नाही. पण न वाचता करू नये, एवढं नक्की म्हणू. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. २००५ साली तो देशभर झाला आणि लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं. जुन्या नोंदणीकृत वाटण्या मात्र मोडत नाहीत, म्हणून आपला कागद जाणकाराला दाखवा.

सासरच्या जमिनीसाठी ‘लक्ष्मी मुक्ती’ आहे. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ही मोहीम उभी केली आणि १९९२ साली सरकारने तसा निर्णय काढला. नवऱ्याने स्वतः अर्ज केला, तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं.

आदिवासी मैत्रिणींना वारसा कायदा सरळ लागू होत नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात एक मोठी गोष्ट आहे. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, असं कायद्यातच लिहिलं आहे. ज्या जिल्ह्यात नवऱ्याच्या लग्नाच्या कर्जात बायको न विचारता बांधली जात होती, त्याच जिल्ह्यात जमिनीच्या कागदावर तिचं नाव नवऱ्याच्या नावाशेजारी येतं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ज्यांच्याकडे पट्टा आहे, त्यांनी तो उघडून दोन्ही नावं आहेत का, ते बघा.

आणि लग्नाचं कर्ज? ते संपलं असं समजू नका. पावसाळ्यात किंवा लग्नसराईत उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर जोडप्याने, मुलाबाळांसह वीटभट्टीवर जायचं. हिशोब शेठच्या वहीत. ही लग्नगडीचीच धाकटी बहीण आहे. १९७६ च्या वेठबिगारी विरोधी कायद्याने असं कर्ज बेकायदा आहे. त्याची फेड मागता येत नाही, आणि तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

म्हणूनच गटाचं कर्ज आम्हाला मोलाचं वाटतं. व्याज आपलंच आपल्याला परत येतं, ही झाली एक गोष्ट. त्याहून मोठी ही, की आपली वही बैठकीत मोठ्याने वाचली जाते. कुणी किती घेतलं, किती फेडलं, सगळ्यांच्या कानावर पडतं. मालकाची चोपडी कुणी कधी मोठ्याने वाचली नव्हती.

तेव्हा पुढच्या बैठकीला वहीसोबत आणखी एक गोष्ट आणा. आपल्या घरचा सातबारा, किंवा वनपट्टा, किंवा पेटीतलं ते ३२ म. ज्यांना वाचता येतं त्या वाचतील, बाकीच्या ऐकतील. कुणाकुणाची नावं आहेत, ते एका कोऱ्या पानावर लिहून काढू. त्यात आपली नावं किती, ते मोजू. मग पुढचं काय करायचं, ते त्याच बैठकीत ठरवू.